निघावे की थांबावे : बीड जिल्ह्यातील पावसाळी वाट आणि सायकल

बीड जिल्ह्याच्या दळणवळणाचा इतिहास सांगताना रस्ते, पूल, एस.टी. आणि अनेक दशके रखडलेली रेल्वे यांचा उल्लेख होतो. परंतु हवा बिघडलेली असताना घराबाहेर पडायचे की नाही हा निर्णय कोणत्या काळात कोण घेत असे, तो कशाच्या आधारे घेतला जाई आणि तो चुकल्यास त्याची किंमत कोण मोजत असे, या प्रश्नाची स्वतंत्र चर्चा क्वचितच होते. शेकडो वर्षे हा निर्णय एकट्या माणसाचा नव्हता. तो पंचांग, फौज, तांडा आणि दिंडी अशा सामूहिक व्यवस्थांच्या हाती होता, आणि सायकल खेडोपाडी पोहोचल्यावर, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो एकेकट्या स्वाराच्या हाती आला. आज तोच निर्णय जिल्ह्यातील अनेक गावांत आठवी ते बारावीत शिकणाऱ्या मुलीला सकाळी सायकल बाहेर काढताना घ्यावा लागतो. या बदलाचा मागोवा घेतल्याशिवाय पावसाळ्यातील शाळेच्या गैरहजेरीसारखी आजची साधी वाटणारी बाबही नीट समजत नाही.

या निर्णयाचे पहिले गमक जमिनीत आहे. बालाघाटाची डोंगररांग जिल्ह्यातून पश्चिम-पूर्व दिशेने जाते आणि त्यामुळे जिल्ह्याचे दोन स्वभाव झाले आहेत. आष्टी, पाटोदा, केज, धारूर आणि अंबाजोगाई या तालुक्यांचा मोठा भाग डोंगरपठारावर असून तेथील जमीन बहुतांशी उथळ, मुरमाड आणि उताराची आहे. याउलट गेवराई, माजलगाव आणि परळी तालुक्याच्या उत्तर भागात गोदावरीच्या काठाने पसरलेला सखल पट्टा आहे, ज्याला गंगथडी म्हणतात, कारण या भागात गोदावरीला गंगा म्हणण्याचा प्रघात आहे. गंगथडीची जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणारी खनिजे असतात. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून अशी चिकट होते की बैलगाडीची चाके तिच्यात रुतून बसतात. मुरमाड जमिनीवर पाऊस थांबल्यानंतर काही तासांत वाट चालण्याजोगी होते, परंतु तेथे उतारावरून धावत येणारे ओढे थोड्या वेळात भरतात आणि थोड्या वेळात ओसरतात. गंगथडीत ओढ्यांचा असा अचानक जोर कमी, पण चिखल मात्र दिवसेंदिवस हटत नाही, आणि गोदावरी तुंबली की तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी मागे फिरून शिवारात पसरते. त्यामुळे पाटोद्याच्या माणसाला 'किती वेळ थांबावे' हा प्रश्न पडतो, तर गेवराईच्या माणसाला 'किती दिवस थांबावे' हा.

पावसाचे प्रमाण पाहिले तर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. ढगांचे बरेचसे पाणी घाटमाथ्यावर पडून गेल्यावर उरलेला पाऊस जेथे पोहोचतो त्या प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. वर्षाची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास असली, तरी हा पाऊस चार महिन्यांत समान वाटून पडत नाही. जून कोरडा जाणे, जुलै-ऑगस्टमध्ये मोठे खंड पडणे आणि सप्टेंबरात काही दिवसांतच नद्या दुथडी भरणे, हा अनुभव येथे नवीन नाही. १९७२ चा दुष्काळ, त्यानंतर २०१२-१३ आणि २०१५-१६ ची टंचाई ज्यांनी पाहिली, त्या समाजात पावसाला वाईट म्हणण्याची कोणाची इच्छा होत नाही. वाट अडवणारा पाऊस आणि घर चालवणारा पाऊस एकच असल्यामुळे, बीडच्या माणसाने पावसात थांबण्यामागे तक्रारीपेक्षा समजूतदारपणा अधिक आढळतो, असे म्हणता येईल.

जुन्या काळात ही समजूत पंचांगाने पक्की केली होती. पावसाळ्याच्या काळात संन्याशांनी एका ठिकाणी राहावे, हा दंडक वैदिक, जैन आणि बौद्ध अशा तिन्ही परंपरांत आहे. त्यामागे जीवहिंसा टाळण्याची धार्मिक भूमिका असली, तरी ज्या देशात नद्यांवर पूल नव्हते आणि वाटा काळ्या मातीच्या होत्या, तेथे हा दंडक व्यवहाराशीही जुळणारा होता. शेतकऱ्याचे पाऊसमान नक्षत्रांवर बांधलेले होते. सूर्य एका नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागणाऱ्या मृगापासून ऑक्टोबरात संपणाऱ्या हस्तापर्यंतची नक्षत्रे पावसाची मानली जातात. प्रत्येक नक्षत्राला पंचांगकर्ते बेडूक, मोर, गाढव, कोल्हा, हत्ती असे एखादे वाहन देतात आणि त्यावरून पाऊस किती पडेल याचा ठोकताळा बांधला जातो. या ठोकताळ्याला शास्त्राचा आधार नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मात्र लग्न, बाजार, सोयऱ्यांकडे जाणे-येणे यांचे वेळापत्रक अशा सामायिक मोजपट्टीवर बसवल्यामुळे थांबण्याचा दोष कोणा एकाच्या माथी येत नसे, आणि या मोजपट्टीचे खरे मोल तेवढेच होते.

व्यापारही याच चक्रात बसला होता. लमाण, म्हणजे बंजारा समाजाचे तांडे, शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ आणि इतर माल लादून दख्खनभर फिरत. पावसाळ्यात मात्र चारापाण्याची सोय पाहून ते मुक्काम टाकत, कारण ओल्या काळ्या मातीत लादलेला बैल चालत नाही आणि भिजलेले मीठ विकत नाही. बीड जिल्ह्यात आज बंजारा वस्त्यांची जी अनेक गावे 'तांडा' या नावाने ओळखली जातात, त्यांच्या नावात त्या फिरत्या व्यवसायाची खूण टिकून आहे. मराठी फौजांचा नियमही हाच होता. आश्विन शुद्ध दशमीला, म्हणजे दसऱ्याला, सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर छावणीला, म्हणजे चार महिन्यांच्या मुक्कामाला, परतायचे. हा नियम किती शहाणपणाचा होता हे सांगणारी एक मोठी घटना बीड जिल्ह्याच्याच भूमीवर घडली, आणि येथे तिचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे गोदावरीच्या दक्षिण काठावरचे गाव शनीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. १७६३ साली पेशवे आणि हैदराबादचा निजाम अली यांच्यात जो संघर्ष पेटला, त्यात दोन्ही फौजांनी समोरासमोरची लढाई टाळून एकमेकांचा मुलूख उद्ध्वस्त करण्याचे धोरण धरले होते. निजामाच्या सैन्याने पुणे लुटून जाळले ते याच वर्षी. पावसाळा सुरू झाल्यावर निजामाने औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे, छावणीसाठी परतण्याचे ठरवले आणि त्या वाटेत गोदावरी आडवी होती. ऑगस्टमध्ये तो सैन्याच्या एका भागासह नदी ओलांडून उत्तर तीरावर गेला, आणि उरलेली फौज त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली दक्षिण तीरावर राहिली. नदीला पूर होता. १० ऑगस्ट १७६३ रोजी, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे असलेले माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांनी मागे राहिलेल्या या फौजेवर हल्ला केला. रघुनाथरावांभोवती शत्रूचा गराडा पडल्यावर माधवरावांनी कुमक आणून त्यांना सोडवले. विठ्ठल सुंदर मारला गेला. आणि पैलतीरावर उभ्या असलेल्या निजामाला भरलेल्या नदीमुळे त्याच्या मदतीला एक तुकडीही धाडता आली नाही. पुढे सप्टेंबरमध्ये औरंगाबादेस तह झाला व निजामाला ८२ लाखांचा मुलूख सोडून द्यावा लागला.

या लढाईचे वर्णन बहुधा तरुण पेशव्याच्या पराक्रमाच्या अंगाने केले जाते, आणि तो पराक्रम खरा होता यात वाद नाही. तरीही प्रवासाच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता राक्षसभुवनचा निकाल मोठ्या प्रमाणात नदी ओलांडण्याच्या निर्णयाने लागला. भरल्या नदीत निघण्याचा सर्वांत मोठा धोका बुडण्याचा नसून अर्धे अलीकडे आणि अर्धे पलीकडे राहण्याचा आहे. एक तीर सुटलेला आणि दुसऱ्या तीरावरून परतता न येणारा माणूस, मग तो सेनापती असो वा बाजाराला गेलेला शेतकरी, स्वतःच्या माणसांपासून तुटतो. पूर येणाऱ्या ओढ्यांच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा अनुभव लहान प्रमाणात ठाऊक आहे.

थांबण्याच्या या सर्वसाधारण रीतीला एक ठळक अपवाद होता, तो वारीचा. आषाढी वारी ऐन पावसाच्या तोंडावर निघते. संत एकनाथांची पैठणहून पंढरपूरला जाणारी पालखी बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांतून जाते, मुक्ताईनगरहून येणारी संत मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून पुढे सरकते आणि शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी व अंबाजोगाईमार्गे जाते. पाऊस आला म्हणून वारी थांबत नाही. परंतु येथेही निर्णय व्यक्तीचा नसतो. मुक्कामाची गावे आधी ठरलेली असतात, गावोगावचे लोक जेवणाची आणि निवाऱ्याची सोय करतात, दिंडीत आजारी पडणाऱ्याला उचलून नेणारे शंभर हात असतात. माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी येथे अधिक मासात भरणाऱ्या यात्रेचेही असेच आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ही यात्रा १८ जुलै ते १६ ऑगस्ट या पावसाळी काळात पडली, आणि तरीही गोदाकाठच्या या गावी भाविक गेलेच. पावसात निघणे शक्य होते ते अशा वेळी, जेव्हा निघणाऱ्याच्या मागेपुढे समाज उभा असे.

सायकलने नेमकी हीच परिस्थिती बदलली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता, आणि त्या काळी सायकल ही इंग्लंडहून येणारी महाग वस्तू असल्यामुळे ती सरकारी अधिकारी, वकील आणि सधन घराण्यांपुरती मर्यादित असणे स्वाभाविक होते. शिक्षणासाठी खेड्यातून निघालेला मुलगा त्या काळी रोज ये-जा करत नसे. अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयासारख्या शाळेत शिकायचे तर गावातच एखाद्या खोलीवर राहून आणि ओळखीच्या घरी वार लावून, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक दिवशी वेगळ्या घरी जेवून, दिवस काढावे लागत. पावसाळ्यातील वाटेचा प्रश्न मुक्कामाने सुटलेला होता, तो सुटण्याची किंमत मात्र घरापासून दूर राहण्यात होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, आणि त्याच सुमारास देशात सायकली मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या. मद्रासला १९४९ मध्ये टी.आय. सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस आणि लुधियानाला १९५६ मध्ये हीरो हे कारखाने उभे राहिले, तेव्हा काळ्या रंगाची, मोठ्या चाकांची, वीस किलोच्या आसपास वजनाची आणि सळईच्या ब्रेकची सायकल हळूहळू शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक आणि दूधवाले यांच्या आवाक्यात आली. ग्रामीण महाराष्ट्रात लग्नाच्या बोलणीत घड्याळ आणि रेडिओ यांच्याबरोबर सायकलचे नाव येऊ लागले. हुंड्याची ही प्रथा निंद्यच होती, पण सायकलला घरात कोणते स्थान मिळाले होते याचा तो पुरावा आहे. बीड जिल्ह्यात या वाहनाला विशेष महत्त्व येण्याचे आणखी एक कारण होते. परळी जुन्या काळापासून रेल्वेमार्गावर असली, तरी जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या संपूर्ण काळात जिल्ह्याची भिस्त रस्त्यांवर होती, आणि एस.टी. जेथे थांबे तेथून गावापर्यंतची शेवटची वाट चालत किंवा सायकलवरच संपवावी लागे.

या वाटा कशा तयार झाल्या हेही लक्षात घेतले पाहिजे. १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो लोकांना काम देण्यासाठी खडी फोडणे, पाझर तलाव खोदणे आणि रस्ते बांधणे ही कामे काढण्यात आली, आणि तीच योजना पुढे रोजगार हमी कायद्याच्या रूपाने २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. या कामांतून मराठवाड्यातील असंख्य गावांना मुरमाचे रस्ते मिळाले. अनावृष्टीने दिलेल्या या रस्त्यांवर अतिवृष्टीचा विचार सहसा केलेला नव्हता. मातीकाम हातांनी होते, पण पुलाला सिमेंट, लोखंड आणि अभियंता लागतो, आणि दुष्काळी कामात मजुरीवर भर असल्याने पूल मागे पडले. ओढ्यावर फार तर फरशी पूल आला, म्हणजे नदीपात्राच्या पातळीपासून थोडाच उंच बांधलेला असा सपाट पूल की ज्याच्या वरून पुराचे पाणी वाहून जावे. आठ महिने सायकल सुखाने चालेल आणि पावसाळ्यात एका ओढ्यापाशी अडेल, अशी वाट त्यातून तयार झाली. बीड जिल्ह्यातील पावसाळी प्रवासाची अडचण केवळ हवामानाने घडवलेली नाही. ती बांधकामाच्या या अपुरेपणाने घडवलेली आहे, हे येथे ठामपणे नोंदवले पाहिजे.

सायकल आणि काळी माती यांचे वैर जाणून घेण्यासारखे आहे. पायी चालणाऱ्याच्या पायाला चिखल लागतो तो झटकता येतो. सायकलच्या टायरवर चढलेला चिखल चाकाबरोबर फिरून मडगार्डमध्ये जातो, तेथे दाबला जाऊन घट्ट होतो, आणि थोड्याच अंतरात चाक फिरणे बंद होते. मग स्वाराने उतरून काडीने तो चिखल उकरायचा, चार पावले ढकलायचे आणि पुन्हा उकरायचे. म्हणूनच गंगथडीच्या गावांत पावसाळा आला की मडगार्ड काढून ठेवण्याची आणि फारच राड झाली तर सायकल खांद्यावर घेऊन पक्की सडक गाठण्याची रीत पडली. बैलगाडीच्या चाकोरीने तुडवलेली पांदण, म्हणजे दोन शेतांमधली अरुंद गाडीवाट, अशा वेळी सर्वांत वाईट. त्यापेक्षा बांधावरच्या गवतातून सायकल ढकलणे बरे, कारण गवताची मुळे माती धरून ठेवतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे पावसानंतर जमिनीतील ओल इतकी उतरणे की तिच्यात औत चालावे पण ढेकळे निघू नयेत, तीच अवस्था सायकलस्वारालाही उपयोगी पडते. वाफसा आलेल्या वाटेवर सायकल चालते आणि धूळही उडत नाही.

घाटावर चिखलाची जागा वारा आणि उतार घेतात. पाटोदा, केज आणि बीड तालुक्यांच्या पठारांवर आज पवनचक्क्या उभ्या आहेत, कारण जून ते ऑगस्ट या काळात तेथे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून जोराचा वारा वाहतो. ज्या वाऱ्यावर वीज तयार होते त्या वाऱ्याच्या तोंडावर सायकल चालवणे ही सपाट रस्त्यावरही चढण असते. मांजरसुंबा किंवा धारूरच्या घाटात अडचण उलट्या बाजूने येते. जुन्या सायकलचे ब्रेक लोखंडी रिमवर रबराचे गुटके दाबून चालतात, आणि रिम ओली झाली की गुटका घसरतो. त्यामुळे पावसात घाट उतरताना जाणते लोक सायकलवरून उतरून चालत. पावसापासून रक्षणासाठी घोंगडे किंवा पोत्याची खोळ डोक्यावर घेतली जाई, आणि रासायनिक खतांची पोती आल्यावर त्यांच्या आतील प्लास्टिकची खोळ हे गरिबांचे आवरण झाले. वाऱ्यात ही खोळ शिडासारखी फुगते आणि बाजूचे दिसू देत नाही, त्यामुळे रहदारीच्या सडकेवर ती धोक्याचीच.

निघायचे की थांबायचे हे सर्वांच्या बाबतीत सारखे नव्हते. आष्टी-पाटोदा भागात दूधधंदा वाढल्यावर सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून संकलन केंद्रावर जाणारा दूधवाला पावसात थांबू शकत नसे, कारण दूध थांबत नाही. सकाळचे दूध दुपारपर्यंत नासले की त्या दिवसाची कमाई गेली. पोस्टमनला हुकूम होता, शिक्षकाला हजेरीपट होता, रोजंदारीच्या मजुराला मजुरी होती. ज्याची शेती होती आणि घरात दाणे होते, त्याला मात्र थांबणे परवडत असे. वाईट हवेत सायकल चालवणाऱ्याला धाडसी किंवा बेफिकीर ठरवण्यापूर्वी, न निघाल्यास त्याचे काय बुडते हे पाहणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर पावसात भिजत निघणाऱ्यांत हौसेपेक्षा गरजेने निघालेले लोक फार अधिक होते.

अशा लोकांनी ओढा वाचण्याचे एक व्यवहारज्ञान जमवले होते. घोटाभर, गुडघाभर, मांडीभर आणि कमरेएवढे या मापांत पाणी मोजले जाई. पाणी गढूळ होणे, त्यावर फेस, काड्या आणि पालापाचोळा वाहत येणे ही पाणी चढत असल्याची खूण, तर काठावर ओल्या मातीची नवी रेघ उघडी पडणे ही उतरत असल्याची. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी बालाघाटाच्या दिशेला काळे ढग असतील तर घाई करू नये, कारण वर पडलेला पाऊस खाली येण्यास वेळ लागतो, हेही या ज्ञानात होते. आधुनिक मापाने पाहिले तरी या सावधपणाला आधार मिळतो. वेगाने वाहणारे पंधरा सेंटिमीटर पाणी प्रौढ माणसाचा तोल घालवू शकते आणि साधारण साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. मोठ्या सायकलच्या चाकाचा आस जमिनीपासून सुमारे पस्तीस सेंटिमीटरवर असतो. आसाला पाणी टेकण्याआधीच धोक्याची रेषा ओलांडलेली असते, आणि पाण्याखाली फरशी शाबूत आहे की तिचा कोपरा खचला आहे हे काठावरून कोणालाच दिसत नाही.

पाण्याचा हा वेग काय करू शकतो हे बीड शहराने २३ जुलै १९८९ रोजी भोगले. बालाघाटातून उतरून शहराच्या मधून वाहणारी बिंदुसरा नदी वर्षातील बराच काळ क्षीण असते. त्या दिवशी आलेल्या पुराने शहराच्या काही भागांची वाताहत केली, अनेकांचे प्राण गेले आणि मालमत्तेची मोठी हानी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा अतिवृष्टीने जिल्हा झोडपला आणि आष्टीपासून माजलगावपर्यंत गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. महसुली भाषेत एखाद्या मंडळात, म्हणजे तालुक्याच्या पर्जन्यमापक असलेल्या उपविभागात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी नोंदवली जाते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला ही नोंद वारंवार करावी लागते, याचा अर्थ प्रशासनाने आणि समाजाने अजून पुरेसा मनावर घेतलेला नाही.

आता सूचना मिळण्याची साधने पालटली आहेत. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांतले इशारे मोबाइलवर पोहोचतात, परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला प्रसिद्ध होतो, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप परिसरातील विजांची सूचना देते. विजांचा धोका मराठवाड्यात पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी, विशेषतः दुपारनंतर, फार असतो, आणि उघड्या माळावर सायकलवर असलेल्या माणसाला झाडाखाली उभे राहण्याची जुनी सवय घातक ठरते. गडगडाट ऐकू येताच पक्के घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा नियम येथे शाळेच्या भिंतीवर रंगवण्याच्या योग्यतेचा आहे. मात्र इशारा जिल्ह्यासाठी असतो आणि ओढा गावाचा असतो. 'काही ठिकाणी जोरदार पाऊस' या वाक्यातून आपल्या फरशी पुलावर आज दुपारी पाणी येईल की नाही हे कळत नाही, आणि निर्णयाची ही शेवटची पायरी अजूनही स्वारालाच चढावी लागते.

तो स्वार आता बदलला आहे. मानव विकास कार्यक्रमाची व्याप्ती २०११ मध्ये वाढवून राज्यातील २२ जिल्ह्यांचे १२५ तालुके त्यात घेण्यात आले; त्यातील तरतुदीनुसार शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल आणि त्यापेक्षा दूरच्या मुलींसाठी एस.टी.च्या खास बसगाड्या अशी व्यवस्था झाली. बीड जिल्हा या कार्यक्रमात आहे. ज्या जिल्ह्यात ऊसतोडीसाठी दसरा-दिवाळीनंतर आईवडील कारखान्यांकडे निघून जातात, मुली आजीजवळ राहतात किंवा शाळाच सोडतात, आणि कोवळ्या वयातील लग्नांचा प्रश्न तीव्र आहे, तेथे मुलीच्या हाती सायकल येणे ही फार मोठी गोष्ट आहे. दूधवाल्याने आणि पोस्टमनने वापरलेल्या त्याच वाटेवर ती आता जाते. फरक इतकाच की दूधवाला पन्नास पावसाळे पाहिलेला असे, आणि तिच्या पाठीशी ना तांडा असतो ना दिंडी. शाळा बुडाली तर अभ्यास मागे पडतो, आणि काही घरांत दोन-चार दिवसांची गैरहजेरी हेच शाळा सोडवण्याचे निमित्त ठरते. त्यामुळे ती निघते.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार संपूर्ण जिल्ह्याची सुट्टी जाहीर करू शकतात, परंतु एका ओढ्याच्या पुरासाठी संपूर्ण जिल्हा बंद होत नाही, म्हणून पाणी आलेल्या दिवशी त्या वाटेच्या मुलींची गैरहजेरी न धरण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना स्पष्टपणे द्यावा. प्रत्येक फरशी पुलाच्या दोन्ही तोंडांना रंगवलेली पाण्याची मोजपट्टी उभारावी आणि तिच्यावर सायकलसाठीची मर्यादा लाल रेषेने दाखवावी. शाळा सुटण्याच्या वेळी पाणी चढलेले असेल तर मुलींना थांबवून घेण्याची आणि घरी निरोप पोहोचवण्याची जबाबदारी गावाने व शाळेने मिळून उचलावी. आणि ज्या वाटेवर सायकली वाटल्या आहेत, त्या वाटेवरील ओढ्यांची यादी करून तेथे उंच पूल बांधण्याला जिल्हा परिषदेने आणि बांधकाम विभागाने पहिला क्रम द्यावा. कारण सायकल देणाऱ्या शासनाने ती बारा महिने चालेल अशी वाट देणे हे त्या योजनेचेच उरलेले काम आहे.